लहान मुलांसह सगळ्या कुटुंबाचे फोटो: आखणी कशी करावी?

पाचवा_कोपरा

नमस्कार मंडळी,

घरातल्या सगळ्यांचे एकत्र फोटो काढायचे आहेत. एकूण सात जण: आम्ही दोघं, आजी-आजोबा, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांचं बाळ. बाळ आधाराशिवाय बसतं. मधला एका जागी ठरत नाही, आणि ‘इकडे बघ’ म्हटलं की हमखास तिकडे बघतो. आजोबांना जमिनीवर बसता येत नाही.

फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, ५० मिमी एफ/१.८ लेन्स आणि ट्रायपॉड आहे. फ्लॅश नाही. घराजवळ मोठी झाडं असलेली बाग आहे, आणि घरात एक रुंद खिडकी. बाळ सकाळी साडेनऊ ते साडेदहा आणि दुपारी दीड ते साडेतीन झोपतं.

वेळ कोणती धरू? कॅमेऱ्याचं सेटिंग काय ठेवू? कपड्यांचं काय? आणि तीन वर्षांच्या मुलाला न रडवता कसं सामील करून घ्यायचं? एक फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा आहे, बाकीचे अल्बमसाठी.

निवांत

बाळाच्या झोपेच्या वेळा तुम्ही लिहिल्यात, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. बहुतेक जण आधी संध्याकाळचं सोनेरी ऊन ठरवतात आणि मुलांना त्यात बसवायला जातात. संध्याकाळी सहा-साडेसहाला या वयाची मुलं पेंगुळलेली नाहीतर भुकेली असतात. मग ऊन सुंदर आणि चेहरे रडवेले, असं होतं.

बाळ साडेतीनला उठलं की दूध, ढेकर, लंगोट बदलणं यात अर्धा-पाऊण तास जातो. म्हणजे सव्वाचारला सुरुवात करा आणि पाचपर्यंत आटपा. पाऊण तास पुष्कळ झाला. त्यातली पहिली दहा-पंधरा मिनिटंच मुलं मनापासून साथ देतात, म्हणून सातही जणांचा फोटो सगळ्यात आधी. ‘आधी मुलांचे एकेकटे काढू, तोवर ती रुळतील’ हा विचार बरोबर वाटतो, पण त्यात मुलांचा उत्साह संपतो आणि मोठ्या फोटोला कुरकुर उरते. सातांनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं, मग तुम्ही पाच जण, मग तिन्ही भावंडं. एकेकटे शेवटी, कारण पळणाऱ्या मुलाचा एकट्याचा फोटो पळतानाही चांगलाच येतो.

मुलं जागेवर येण्याआधी मोठ्यांनी पूर्ण तयार असायला हवं: खुर्च्या मांडलेल्या, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर (फोटो किती उजळ येतो ते) तपासलेलं, मोठी माणसं आपापल्या जागी. मुलांच्या जागी तेवढ्या उंचीची पिशवी ठेवून चौकट ठरवा. मुलांना शेवटच्या मिनिटाला आणा. कॅमेऱ्याची खुडबुड चालू असताना वाट बघत बसवलेलं मूल फोटोच्या आधीच कंटाळतं.

फोटोच्या दिवशी नवीन काहीच नको. नवे बूट चावतात, नव्या कपड्याचं लेबल टोचतं. कपडे एकदा धुऊन आणि घरात घालून बघा. केस कापायचे असतील तर आठवडाभर आधी, म्हणजे कापलेल्या कडा जरा बुजतात. बाळाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर गालावर ओरखडा ठरलेला. आणि लसीनंतर एक-दोन दिवस अंग तापू शकतं, बाळ चिडचिडं होतं, तेव्हा लसीला लागून तारीख घेऊ नका.

आता मधल्या मुलाबद्दल. त्याला हसायला सांगू नका, काम सांगा. ‘हस बघू’ म्हटलं की तो तोंड वेंगाडतो. ‘आजोबांच्या कानात गुपित सांग’ म्हटलं की तो तर हसतोच, आजोबांचा चेहराही खुलतो. बाळाच्या पायाची बोटं मोजायला सांगा. ‘आईच्या पापण्या किती वेळा हलतात, बघ’ हेही चालतं. एका कामाचा उपयोग अर्धा-एक मिनिट होतो, तेव्हा सात-आठ कामं आधीच कागदावर लिहून ठेवा. ऐन वेळी सुचत नाहीत.

खाऊचं आमिष सुरुवातीला दाखवू नका. दर दोन मिनिटांनी ‘आता देणार?’ सुरू होतं आणि लक्ष खाऊवरच राहतं. भुकेसाठी कोरडा, ओठांना रंग न लागणारा खाऊ जवळ ठेवा, पण त्याची वाच्यता नको. मूल अडून बसलं तर दहा मिनिटं खरोखर सोडून द्या आणि तोवर आजी-आजोबांचे दोघांचे फोटो घ्या. धरून ठेवलेल्या मुलाच्या खांद्यावर मोठ्यांची ताणलेली बोटं फोटोत स्पष्ट दिसतात.

कवडसा

निवांत यांच्या क्रमाशी सहमत. वेळेबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. बाळ साडेनऊला झोपतं, म्हणजे आठ ते पावणेनऊ हाही वेळ मोकळा आहे. तेव्हा ऊन तिरपं आणि मऊ असतं, मुलं रात्रभर झोपलेली असतात, आणि बागेत गर्दीही कमी. सव्वाचारला बऱ्याच ऋतूंत ऊन अजून कडक असतं. सकाळी उठवून तयार करण्याची ओढाताण होणार असेल तर मात्र दुपारचीच वेळ बरी.

कुठलीही वेळ घ्या, आदल्या दिवशी त्याच वेळी बागेत जाऊन सावली कुठे पडते ते पाहा. झाडाखाली उभं केलं की काम झालं, असं नाही. पानांमधून कवडसे पडतात आणि एका गालावर पांढरा डाग, दुसरा गाल काळा, असा चेहरा येतो. तो नंतर दुरुस्त होत नाही. सलग, गडद सावली शोधा: दाट झाडाची, इमारतीची, भिंतीची. त्या सावलीच्या कडेपासून आत एक-दीड मीटरवर सगळ्यांना उभं करा, तोंडं मोकळ्या आकाशाकडे. सावलीत फार आत गेलात तर उजेड वरून येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ओळखायची खूण म्हणजे डोळ्यांत आकाशाचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे.

हिरवळीवर बसवलंत तर हनुवटीखाली हिरवट झाक येते. खाली फिकट चादर अंथरली की ती जाते. रंगीत भिंतीशेजारीही हाच त्रास. मागची झाडं धूसर हवी असतील तर माणसं आणि पार्श्वभूमी यांत तीन-चार मीटर अंतर ठेवा. त्यासाठी लेन्स पूर्ण उघडायची, म्हणजे एफचा सगळ्यात लहान आकडा लावायची, गरज नाही.

लेन्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. एफ/१.८ ची लेन्स आहे म्हणून एफ/१.८ लावायचं नाही. फुल फ्रेमवर ५० मिमीने चार मीटरवरून एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी पट्टी साधारण ७० सेंमी मिळते. पुढे खुर्चीतली आजी, मागे उभे तुम्ही, म्हणजे दोन रांगांत तेवढंच अंतर. कोणीतरी पुसट येणारच. एफ/५.६ ला तीच पट्टी दोन मीटरच्या वर जाते. तेव्हा सात जणांना एफ/५.६. एका रांगेत तिघंच असतील तर एफ/४. बाळाच्या एकट्याच्या फोटोला एफ/२.८. दोन मीटरवरून एफ/१.८ लावलंत तर पट्टी जेमतेम १७ सेंमी, आणि बाळ पुढे झुकलं की डोळे फोकसबाहेर.

शटर, म्हणजे ते किती वेळ उघडं राहतं: बसलेल्यांना १/२५० सेकंद, हात धरून चालताना १/५००, पळताना किंवा मुलाला उचलून झुलवताना १/१०००. तीन वर्षांचं मूल ‘स्थिर’ असतानाही १/१२५ ला हाताचे पंजे पुसट येतात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटोत दाणा येतो) ऑटो ठेवून वरची मर्यादा ६४०० करा. उघड्या सावलीत, एफ/५.६ आणि १/५०० ला, तो साधारण ४०० ते ८०० राहतो. थोडासा दाणा सहन होतो, हललेला चेहरा होत नाही.

फोकस सतत चालू राहणारा, म्हणजे कंटिन्युअस, आणि डोळे ओळखणारा. ट्रायपॉडवरच्या सात जणांच्या फोटोसाठी मात्र पुढच्या रांगेवर फोकस करून मॅन्युअलवर टाका. नाहीतर दर क्लिकला कॅमेरा वेगळा चेहरा शोधत बसतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, एकच ठेवा, म्हणजे अल्बममधले रंग जुळतात. रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढत असाल तर नंतर बदलता येतो.

मागून ऊन येत असेल तर एक्स्पोजर +०.७ ते +१ करा, आणि लेन्सवर थेट ऊन येत असेल तर हुड लावा. हुड नसेल तर वहीची सावली धरली तरी चालते.

पाचवा_कोपरा

दोघांचेही आभार. सकाळी आठची वेळ जमेल असं वाटतंय. आणखी दोन शंका. पाऊस आला तर घरात सात जण खिडकीपाशी मावतील का? आणि मी स्वतः फोटोत असताना क्लिक कोण करणार? दहा सेकंदांचा टायमर लावून पळत येणं जमेल का?

खिडकीपाशी

टायमर लावून पळू नका. मुलं पळणाऱ्या माणसाकडे बघतात, आणि क्लिक होतं तेव्हा सगळ्यांची नजर तुमच्या येण्याच्या दिशेला असते. तुमच्या कॅमेऱ्यात इंटरव्हल शूटिंगची सोय असण्याची बरीच शक्यता आहे, मेनूत शोधा. दर दोन सेकंदांना एक, एकूण ९०, असं लावलंत की तीन मिनिटं कॅमेरा आपोआप फोटो काढत राहतो. कोणाचंच लक्ष बटणाकडे जात नाही. फिरणारा स्क्रीन बंद करून ठेवा, नाहीतर मुलं लेन्सऐवजी स्वतःला बघत बसतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंत नजर थोडी खाली का असते, त्याचंही कारण हेच.

याहून चांगलं म्हणजे एखाद्या ओळखीच्या माणसाला कॅमेऱ्यामागे उभं करा. त्याने फोटो काढायचे नाहीत, फक्त बाळाचं लक्ष वेधायचं. लेन्सच्या अगदी वर, टेकून डोकं किंवा खेळणं आणायचं. ते हातभर बाजूला गेलं की बाळाची नजर लेन्स सोडून जाते. बुवा-कुक करायचं, मध्ये थोडं थांबायचं. खुळखुळा चार-पाच वेळा वाजला की बाळाला त्याचं अप्रूप राहत नाही, म्हणून दोन-तीन निरनिराळ्या आवाजांची खेळणी असू द्या. आणि आवाज देणारा एकच माणूस हवा. चार जणांनी चार बाजूंनी हाका मारल्या की बाळ भांबावतं.

तुम्हा मोठ्या चौघांसाठी एकच नियम: काहीही झालं तरी नजर लेन्सकडे. मूल भलतीकडे बघत असेल तर बघू दे. शेवटी मूल बरोबर हसतं त्याच क्षणी आई त्याच्याकडे वळून ‘तिकडे बघ ना’ म्हणत असते. हे इतक्या वेळा होतं की मोठ्यांना आधीच बजावून ठेवलेलं बरं.

आता घरातलं. मावतील, पण खिडकी बाजूला ठेवून नाही. खिडकीचा उजेड आत जाता जाता झपाट्याने कमी होतो. बाजूने उजेड घेतलात तर खिडकीजवळची आजी उजळ आणि पलीकडचे आजोबा अंधारात. सात जणांना खिडकीकडे तोंड करून, खिडकीपासून दोन-अडीच मीटरवर बसवा आणि कॅमेरा खिडकीला पाठ करून, जरा एका कडेला लावा. थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. एक-दोघांच्या फोटोला मात्र बाजूचा उजेड छान दिसतो: खिडकीपासून एक मीटर, चेहरा किंचित खिडकीकडे, आणि विरुद्ध बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल, म्हणजे काळी बाजू उजळते.

घरातले सगळे दिवे बंद करा. खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा असा दुहेरी उजेड एकाच चेहऱ्यावर पडला की कातडीचा रंग कशानेही नीट होत नाही. शिवाय सायलेंट शटर चालू असेल तर एलईडी दिव्यांमुळे फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. दिवे बंद केल्यावर एफ/५.६, १/२५० ला आयएसओ ३२०० च्या आसपास जाईल. जाऊ द्या.

बसवण्याबद्दल: मध्ये दोन खुर्च्या, बिनहाताच्या. हाताच्या खुर्च्यांमुळे माणसांत फट पडते. आजी-आजोबांनी खुर्चीच्या पुढच्या कडेला बसायचं, म्हणजे पाठ ताठ राहते आणि पोटाशी कपड्याच्या चुण्या पडत नाहीत. बाळ आजीच्या मांडीवर, तिचा एक हात बाळाच्या छातीवरून. सहा वर्षांची मुलगी आजोबांना रेलून उभी. मधला बाबांच्या कडेवर, कॅमेऱ्याकडच्या बाजूला. कडेवर असला की पळत नाही, आणि त्याचा चेहरा मोठ्यांच्या उंचीला येतो. मागे उभ्या असलेल्यांनी कमरेतून थोडं पुढे झुकायचं, म्हणजे डोक्यांमधलं अंतर कमी होतं आणि दोन रांगा वेगळ्या वाटत नाहीत. कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. मुलांच्या एकेकट्या फोटोंना तुम्ही गुडघ्यावर किंवा उकिडवे बसा. उभ्याने काढलात तर डोकं मोठं आणि पाय आखूड दिसतात.

सुताचा_गुंडा

कपड्यांवर कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

सगळ्यांनी एकाच रंगाचे घालू नका. सात जणांचा एकच ठोकळा दिसतो आणि कोणाचा हात कोणाचा ते कळत नाही. तीन-चार रंग निवडा, एकमेकांत मिसळणारे, आणि त्यांची वाटणी करा. नक्षीचा कपडा एकाच्या किंवा फार तर दोघांच्या अंगावर. सुरुवात आईपासून किंवा ज्याच्याकडे सगळ्यात कमी पर्याय आहेत त्याच्यापासून करा. मुलांचे सहज जुळवता येतात.

बारीक रेघांचे आणि बारीक चौकडीचे कपडे टाळा. कॅमेऱ्यात त्यावर पाण्यासारख्या रंगीत लाटा दिसतात, आणि त्या काढणं फार कटकटीचं आहे. भडक लाल किंवा पोपटी कपड्याची झाक हनुवटीवर चढते. छातीवर मोठी अक्षरं किंवा कार्टून असेल तर बघणाऱ्याची नजर आधी तिथे जाते.

बाळाला कडेवर घेतलं की झबलं काखेपर्यंत वर सरकतं आणि लंगोट दिसतो. खालून बटणं असलेला एकसंध कपडा बरा. लाळ गळत असेल तर लाळेरं क्लिकच्या क्षणापर्यंत ठेवा, आणि त्याच रंगाचे दोन कपडे जादा. आईच्या खांद्यावर टाकलेलं फडकं काढायला विसरू नका, ते हमखास राहतं. मनगटावरचे केसांचे रबर, खिशातले मोबाइल आणि किल्ल्या, हेही क्लिकआधी बघून घ्या. मुलांना बागेत नेऊन मगच शेवटचा कपडा चढवा.

कोणाचा चश्मा उन्हात काळा होणारा असेल तर बाहेर सावलीतही तो काळा पडतो आणि डोळे दिसत नाहीत. जुना साधा चश्मा घेऊन जा. काचेवर आकाशाची चमक आली तर चश्म्याच्या काड्या कानावरून किंचित वर उचला. काच जरा खाली झुकते आणि चमक जाते.

छापखाना

भिंतीवर लावायचा आहे तर चौकट ठरवतानाच छपाईचा विचार करा. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो ३:२ प्रमाणात येतो. १२×१८ इंच छापलात तर अख्खा बसतो. पण १२×१५ ची फ्रेम घेतलीत तर लांबीतला सहावा हिस्सा कापला जातो, आणि कडेला उभी असलेली मुलगी अर्धी जाते. म्हणून दोन्ही बाजूंना निदान एका माणसाच्या रुंदीची जागा सोडा. नंतर कापता येतं, वाढवता येत नाही. कापताना सांध्यावर, म्हणजे घोट्यावर, गुडघ्यावर किंवा मनगटावर, कड येऊ देऊ नका.

३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) १२×१८ साठी ३६००×५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे १९ मेगापिक्सेलच्या थोडं वर. कमी असले तरी अडत नाही. भिंतीवरचा फोटो चार-पाच फुटांवरून पाहिला जातो, २०० डीपीआय पुरतं.

सातही जण एकाच फोटोत नीट यावेत, डोळे मिटलेले नसावेत, असं क्वचितच होतं. त्यावर उपाय आधीच करून ठेवायचा. ट्रायपॉड हलवायचा नाही, एक्स्पोजर मॅन्युअलवर, चौकट तीच. मग एका फोटोतला मुलाचा हसरा चेहरा दुसऱ्यात बसवता येतो. डोकं साधारण त्याच कोनात आणि उजेड तोच असेल तरच ते जमतं. मध्येच ढग आला आणि गेला, तर आधीचे आणि नंतरचे फोटो एकमेकांत मिसळू नका. जोड दिसतो.

छापायला देताना फाइल चॅटमध्ये फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. स्क्रीन उजळ असतो, त्यामुळे कागदावर तोच फोटो अंधारा वाटतो. आधी त्याच कागदावर ४×६ ची एक चाचणी काढून दिवसाउजेडी बघा. काचेच्या फ्रेममध्ये लावणार असाल तर चकचकीत कागद नको, मॅट घ्या. फ्रेमच्या पट्टीखाली चारी बाजूंनी काही मिलिमीटर फोटो झाकला जातो, हेही लक्षात असू द्या. आणि मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवून, उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका.

निवांत

कवडसा यांची सकाळची वेळ घेत असाल तर एक बदल. बाळाचं दूध बागेत पोहोचल्यावर द्या, घरून निघताना नाही. पाजून लगेच कडेवर उचललं की कपड्यावर येतं. पाजून झाल्यावर वीस मिनिटं थांबा, तेवढ्यात आजी-आजोबांचे दोघांचे फोटो होतील. आणि पावसासाठी दुसरी तारीख आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी मुलांचा मूड नसला तरी ओढूनताणून काढावं लागणार नाही.

पाचवा_कोपरा

इंटरव्हल शूटिंग मेनूत सापडलं. घरी उशा मांडून चाचणी घेतली. दोन सेकंदांचं अंतर लावलं तर मध्ये काही क्लिक गळतात. असं का?

कवडसा

रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम साठवत असाल आणि कार्ड संथ असेल तर ते होऊ शकतं. फक्त रॉ ठेवा किंवा अंतर तीन सेकंद करा. शटर १/२५० पेक्षा मंद झालेलं नाही ना आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद आहे ना, तेही बघा. ऑटोफोकस चालू असेल तर फोकस सापडेपर्यंत कॅमेरा थांबतो आणि क्लिक चुकतं. वर लिहिल्याप्रमाणे मॅन्युअल फोकसवर एकदा करून पाहा. बॅटरी पूर्ण भरलेली आणि एक जादा असू द्या.